मुलीसाठी अख्ख्या घराने गहू सोडायचा का?

पोळपाट_लाटणं
लांबलचक आहे, सांभाळून घ्या. मुलगी 9 वर्षांची आहे, गेलं वर्षभर उंची जवळपास तिथेच, आयर्नचं सिरप चालू असूनही हिमोग्लोबिन वर सरकत नाही, अधूनमधून पोट फुगतं. तिकडे नवऱ्याला जेवण झालं की गॅसेस, त्याला डॉक्टरांनी आयबीएस, म्हणजे आतडी नाजूक असण्याचा जुनाट त्रास, सांगितलाय. त्यात दिवाळीला जाऊबाई आल्या होत्या, त्यांनी गहू सोडल्यापासून वजन उतरलं, गुडघे दुखायचे थांबले, आणि जाताना मला सांगून गेल्या की घरातनं गहूच हद्दपार कर, एकाला पोळी एकाला भाकरी असं केलंस तर पोरगी ऐकणार नाही. सासूबाईंना काही फरक पडत नाही, त्या मूळच्या बार्शीकडच्या, त्यांच्या लहानपणी गहू म्हणजे सणाची पुरणपोळी, एरवी ज्वारीच. अडचण माझीच आहे, सकाळी 7 ला मी घराबाहेर पडते, पोळ्यांना बाई येतात आणि त्या भाकरी थापत नाहीत. महिनाभर करून बघावं का? कुणाच्या घरी केलंय का असं?

कृष्णाकाठ
करून बघू नका, निदान आत्ता तरी नको. मुलीचं जे लिहिलंय त्यावरून आधी बालरोगतज्ज्ञांना सिलिॲकबद्दल विचारा, म्हणजे गहू-बार्लीतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याचं अस्तर खराब होतं तो आजार. रक्ताची टेस्ट असते, टीटीजी आयजीए, आणि सोबत टोटल आयजीए पण करायला सांगा कारण आयजीए हा अँटीबॉडीचा एक प्रकार, काहींच्या अंगात मुळात तोच कमी असतो आणि मग पहिली टेस्ट उगाच नॉर्मल येते. मेन मुद्दा हा की टेस्ट गहू खात असतानाच करायची. गहू बंद केला की त्या अँटीबॉडी उतरायला लागतात, आतड्याचं अस्तर भरून यायला लागतं, मग रिपोर्ट नॉर्मल दिसतो आणि आजार आहे की नाही ते गुलदस्त्यातच. नंतर परत तपासायचं तर कित्येक आठवडे मुद्दाम पोळ्या खाऊ घालाव्या लागतात, आणि बरं वाटायला लागलेलं पोर ते कशाला खाईल.
पॉझिटिव्ह आली तर पोटाचे डॉक्टर दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा घेतात, आकडा खूपच वर असेल तर मुलांमध्ये कधीकधी त्याशिवायही निदान होतं. आणि तिला निघाला तर तुम्ही दोघं आणि भावंडं असतील तर ती, सगळ्यांनी टेस्ट करायची, जवळच्या नात्यात साधारण दहात एकाला सापडतो. मिस्टरांची तर मी म्हणेन आत्ताच तिच्याबरोबर उरकून घ्या, आयबीएस म्हणून वर्षानुवर्षं गोळ्या खाणाऱ्यांत हा निघतो कधीकधी.
आणि ते शंभर पदार्थांचं फूड इनटॉलरन्स पॅनल ऑनलाइन विकतात ना, आयजीजी नावाच्या दुसऱ्याच अँटीबॉडीवालं, त्यावर पैसे घालवू नका, त्यातून काही कळत नाही.

खमंग_काकडी
जाऊबाईंचं वजन गव्हाने नाही, खारी, बिस्किटं, पाव, केक बंद झाले म्हणून उतरलं असणार, पैज लावते 😄 आणि गॅसचं म्हणाल तर गव्हात ग्लुटेनशिवाय फ्रुक्टन नावाचं गॅस करणारं कार्बोहायड्रेट पण असतं, तेच कांद्यात नि लसणात. गहू सोडून बरं वाटलं म्हणजे ग्लुटेनच बाधत होतं असं नाही ना होत. टेस्ट निगेटिव्ह आली तर आहारतज्ज्ञाला विचारून तेवढं कमी करून बघा, त्यासाठी घरादाराला वेठीला धरायची गरज नाही.

डबा_रोजचा
माझ्या मुलाला सिलिॲक आहे म्हणून लिहिते. कृष्णाकाठ म्हणतायत तसं टेस्ट आधी, शंभर टक्के. पण समजा निघालाच तर घाबरू नकोस गं, मराठी घरात हे जमतं. पोहे, साबुदाणा, वरई, इडली, घावन, आंबोळी, उकडीचे मोदक, आपलं निम्मं खाणं तसंही बिनगव्हाचंच. पोळी गेली एवढं सगळ्यांना दिसतं पण खरा छुपा रुस्तम हिंग आहे. बाजारातला बांधानी हिंग म्हणजे हिंग कमी आणि मैदा किंवा गव्हाचं पीठ जास्त, डबीच्या मागे लिहिलेलं असतं बारीक अक्षरात, म्हणजे साधी आमटीसुद्धा बाद. तांदळाच्या पिठाचा मिळतो, घटक वाचून घ्यायचा. थालीपीठाच्या भाजणीत बऱ्याच घरी गहू असतो, कॉर्नफ्लेक्समध्ये बार्लीचं माल्ट, सोया सॉसमध्ये गहू. सत्यनारायणाचा प्रसाद म्हणजे रवा, तिथे तर एक घास घे गं काही होत नाही म्हणणारे भेटतातच.
दुसरी गिरणी. गव्हाच्या पाठोपाठ आपली ज्वारी टाकली की जात्यातलं गव्हाचं पीठ आपल्या डब्यात. पाकिटावर ग्लुटेन फ्री लिहायला एका किलोत 20 मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन लागतं, त्यावरून बघ किती थोडंसं पुरतं. आम्ही शेवटी घरगुती चक्की घेतली, त्यात गहू जातच नाही.
अख्ख्या घराचं विचारलंस तर आमच्याकडे भाजी आमटी चटणी सगळ्यांची एकच, बिनगव्हाची, पोळी फक्त वेगळी. त्याचा तवा, परात, पोळपाट, लाटणं वेगळं, आणि बाईंना सांगून ठेवलंय की कणकेचा हात त्याच्या डब्याला लावायचा नाही. भाकरी डब्यात कडक होते म्हणून शाळेत धिरडी, घावन, इडली. बाहेर मात्र कठीण, वडा बेसनाचा असला तरी कढई समोशाचीच.

उंबरठा
आमच्या आजीची बाजरीची भाकरी आता मॉलमध्ये ग्लुटेन फ्री लेबल लावून दामदुप्पट भावाने विकतात. तयार ग्लुटेन फ्री बिस्किटं ब्रेडच्या नादी मात्र लागू नका, मागे वाचा, बरेचदा नुसता स्टार्च आणि साखर.

पोळपाट_लाटणं
सगळ्यांना थँक्स. नवऱ्याला वाचून दाखवलं, दोघांची टेस्ट करायचं ठरलंय, तोवर पोळी आहे तशीच चालू. जाऊबाईंना रिपोर्ट आल्यावरच सांगणार, आधी सांगितलं तर रोज फोन येईल. हिंगाची डबी उलटी करून बघितली, खरंच गव्हाचं पीठ लिहिलंय! @डबा_रोजचा, मेतकुटाचं काय? लेक मऊ भातावर दुसरं काही घेत नाही.

डबा_रोजचा
मेतकुटात गहू भाजून घालतात गं, विकतच्यात पण बहुतेक असतो. गहू वगळून थोडे तांदूळ जास्त घ्यायचे, डाळी तशाच, हिंग तांदळाचा, आणि घरीच दळायचं. माझ्या मुलाला फरक कळला नाही. पण ते नंतर, आधी रिपोर्ट येऊ दे.