मदत हवी आहे: रेल्वेचं वेळापत्रक पाठ आहे, पण गोष्टीचं पुस्तक उघडत नाही. नऊ वर्षांच्या मुलासाठी पुस्तकं सुचवा

नमस्कार. मी सोलापूरची, अशोक चौकाच्या बाजूला राहते. टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाचं काम करते. मुलगा नऊ वर्षांचा, जूनमध्ये पाचवीत जाईल. मुलगी पाच वर्षांची.

मुलाला वाचायला येत नाही असं नाही. हुतात्मा एक्स्प्रेस सोलापुरातून जाताना १२१५८ आणि पुण्याहून येताना १२१५७, हे त्याला पाठ आहे. मोहोळ, माढा, कुर्डूवाडी, केम, जेऊर, भिगवण, दौंड ही स्टेशनं तो झोपेतही सांगेल. २०२३ मध्ये मुंबईची वंदे भारत सुरू झाली तेव्हा पेपरातलं तिचं वेळापत्रक कापून त्याने कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं, ते अजून तिथेच आहे. दुकानांच्या पाट्या, कारखान्यातल्या गठ्ठ्यांवरची लेबलं, सगळं वाचतो. गोष्टीचं पुस्तक पुढे केलं की मात्र आधी शेवटचं पान उघडून आकडा बघतो आणि म्हणतो, "मम्मी, एवढं कोण वाचतंय?"

याचं कारण मला ठाऊक आहे, तेही सांगते. दुसरीत असताना वर्गात उभं करून धडा वाचायला लावला होता. 'स्वातंत्र्य' या शब्दावर अडखळला. मुलं हसली आणि त्याला तीच ओळ पुन्हा तीनदा वाचायला लावली. घरी येऊन काही बोलला नाही. मला ते महिन्याने त्याच्या मित्राच्या आईकडून कळलं. तेव्हापासून कुणासमोर मोठ्याने वाचत नाही. मला या गोष्टीचं फार वाईट वाटतं, कारण त्याआधी तो माझ्या मांडीवर बसून चित्रांवर बोट ठेवत वाचायचा.

माझ्याही चुका झाल्या. गड्ड्याच्या यात्रेतून गोष्टींच्या पुस्तकांचा एक संच आणला. त्यात प्रत्येक गोष्टीच्या शेवटी ठळक अक्षरांत तात्पर्य. तीन गोष्टींनंतर तो म्हणाला, "शेवटी ओरडाच बसणाराय, तर वाचायचं कशाला?" मी उगाच रागावले. नंतर वाटलं, त्याचंच बरोबर आहे.

आता सुट्टी लागली आहे. आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. सकाळी अकरापासून पाचपर्यंत पोरं घरातच, आणि मग मोबाइल. घरात सासूबाई असतात, त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. मी सहाला येते.

मला अशी पुस्तकं हवी आहेत: मराठीत, हसू येईल अशी, अक्षर मोठं, प्रकरणं छोटी, एका बैठकीत एक गोष्ट संपेल अशी. महिन्याला दोनअडीचशे रुपये खर्च करू शकते. संस्कार व्हावेत वगैरे सध्या काही नको. पुस्तक बघून तो पळू नये, एवढंच हवं आहे. गल्लीतले त्याचे निम्मे मित्र घरी तेलुगू बोलतात, मराठी शाळेत शिकतात. त्यांनाही सोबत बसवता आलं तर फार बरं होईल.

प्रतिसाद १ (दोन मुलांची आई, जुळे सोलापूर)

ताई, धाकटी पाच वर्षांची आहे, हे तुमच्या हातातलं सगळ्यात मोठं साधन आहे. नऊ वर्षांच्या मुलाला 'सोपं पुस्तक घे' म्हटलं की अपमान वाटतो. 'बहिणीला हे वाचून दाखव' म्हटलं की तो मोठा होतो. आमच्याकडे हेच झालं. माधुरी पुरंदरे यांची यश नावाच्या मुलाच्या गोष्टींची पुस्तकं आणा. ज्योत्स्ना प्रकाशनाची आहेत, पातळ, आणि चित्रं त्यांचीच. घरातलं रोजचं भांडण, रुसवा, कंटाळा, सगळं त्यात आहे आणि उपदेश कुठेच नाही. पाच वर्षांची बहीण 'स्वातंत्र्य' शब्दावर हसणार नाही. ती फक्त पुढचं पान उलटायची घाई करेल.

पैशांचं म्हणाल तर प्रथम बुक्स या संस्थेचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ बघा. २०१५ पासून आहे, सगळं फुकट. मराठीत भरपूर गोष्टी आहेत आणि वाचनाच्या सोप्याकडून अवघडाकडे चार पायऱ्या पाडलेल्या आहेत. त्याला दुसऱ्या पायरीपासून सुरू करू द्या. पीडीएफ उतरवून झेरॉक्सच्या दुकानात छापून घेता येते, म्हणजे हातात कागद राहील, मोबाइल नाही. पुष्कळदा तीच गोष्ट तेलुगूतही मिळते. मित्रांच्या घरी कुणाला तेलुगू लिपी येत असेल तर दोन्ही शेजारी ठेवून वाचायला मजा येईल.

प्रतिसाद २ (निवृत्त जिल्हा परिषद शिक्षक)

बाई, तुमचा मुलगा वाचतो. वेळापत्रक वाचणं हे अवघड वाचन आहे. आडवी ओळ, उभी ओळ, गाडी, वार, वेळ, हे सगळं एकत्र लावावं लागतं. 'तू वाचत नाहीस' हे वाक्य घरातून आधी काढून टाका.

दुसरं, त्याला मोठ्याने वाचायला सांगू नका. तुम्ही वाचा. कामावरून आल्यावर दमलेल्या असाल, तरी रोज दहा मिनिटं, दिवे मालवायच्या आधी. आणि गोष्ट ऐन रंगात आली की तिथेच थांबा. पुस्तक त्याच्या उशाशी ठेवा आणि झोपा. मी चौथीच्या वर्गात वर्षानुवर्षं हेच केलं. मधल्या सुट्टीत टेबलावरचं पुस्तक कुणीतरी हळूच उघडून बघितलेलं असायचं. कोण ते मी कधी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका.

वाचायला दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे' घ्या. मुळात ते आकाशवाणीसाठी लिहिलेलं, म्हणून कानाला छान लागतं. प्रत्येक गोष्ट स्वतंत्र आहे, एका रात्रीत किंवा दोन रात्रींत संपते. तो रुळला की भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे'. फुरसुंगीचा बनेश, सायकल आणि ते 'ट्टॉक!'. भाषा थोडी जुनी आहे, त्यामुळे पहिलं पुस्तक तुम्हीच वाचून दाखवा. पुढची तो आपणहून ओढून घेईल.

रेल्वेवेड्या मुलासाठी 'तोत्तोचान' तर हवंच. चेतना सरदेशमुख गोसावी यांचा मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने काढला आहे. त्यातल्या शाळेचे वर्ग रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरतात. आणि तोत्तोचान ही छोटी मुलगी पहिल्या दिवशी तासन्‌तास बोलत राहते, मुख्याध्यापक तिला एकदाही न थांबवता ऐकून घेतात. ते प्रकरण तुम्ही आधी स्वतः वाचा. पूर्ण पुस्तक त्याला अजून जड जाईल, सुरुवातीची प्रकरणं पुरेत.

आणि एक गोष्ट पुस्तकाशिवाय सांगा. आपल्या जिल्ह्यातली बार्शी लाइट रेल्वे. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डूवाडी, तिथून बार्शीपर्यंत सुरू झाली. तेव्हा रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट होतं. हुतात्मा धावते त्या रुळांत साडेपाच फूट असतं. टेप घेऊन दोन्ही अंतरं खडूने अंगणात आखायला सांगा. त्याखाली काय लिहायचं ते त्याला ठरवू द्या.

प्रतिसाद ३

मी जरा वेगळं सांगेन. 'श्यामची आई' द्या. आम्ही सगळे त्यावरच वाढलो.

प्रतिसाद ४ (प्रतिसाद १ लिहिणारी)

दादा, पुस्तक थोरच आहे, पण आत्ता नको. या मुलाने वाचताना रडणं आधीच सोसलं आहे. बाराव्या-तेराव्या वर्षी स्वतः होऊन हातात घेईल तेव्हा त्याला ते खरं भिडेल.

प्रतिसाद ५ (वाचनालयाचा जुना सभासद)

विकत घेण्याआधी हिराचंद नेमचंद वाचनालयात जा. मुलाला बरोबर न्या आणि तिथे गप्प राहा. त्याने चुकीचं पुस्तक निवडलं तरी आणू द्या. आवडलं नाही तर दुसऱ्या दिवशी परत करायचं, हा हक्क मुलाला विकतच्या पुस्तकात मिळत नाही. दीडशे रुपये दिलेत की आपण 'पूर्ण कर' म्हणून मागे लागतो.

'किशोर' मासिक विसरू नका. बालभारतीचं, १९७१ पासून चालू आहे. जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर फुकट ठेवले आहेत. ज्या मुलाला शेवटच्या पानाचा आकडा घाबरवतो त्याच्यासाठी मासिक बरं. कुठूनही उघडा, कोडं सोडवा, चित्रं बघा, बंद करा.

कविता कुणीच सुचवली नाही, म्हणून विंदा करंदीकरांचं 'एटू लोकांचा देश' सांगतो. गल्लीतल्या पोरांना ओळीने बसवा आणि म्हणायला लावा. एकेकट्याने नाही, सगळ्यांनी एकदम. घोळक्यात कुणाचं अडखळणं ऐकू येत नाही.

आणि आपल्या गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९१० साली सोलापुरात जन्म, १९३८ मध्ये चीनला गेले, १९४२ मध्ये तिथेच वारले. स्मारकात नेऊन आणा. मुलं खरी माणसं बघून आली की त्यांच्याबद्दल वाचायला तयार होतात.

मूळ धागालेखिका, तीन आठवड्यांनी

सगळ्यांचे मनापासून आभार. गुरुजी, तुमचा प्रतिसाद मी मिस्टरांना वाचून दाखवला. 'तू वाचत नाहीस' हे आम्ही दोघांनीही बंद केलं आहे.

झालेलं सांगते. यशचं एक पुस्तक आणि बोक्याचा पहिला भाग आणला. पहिले चार दिवस त्याने बोक्याकडे पाठ केली, पण कान इकडे होते हे दिसत होतं. पाचव्या रात्री मी मध्येच थांबले तर म्हणाला, "थांबलीस का? वाच की." मी डोळे दुखतात म्हणाले आणि दिवा तसाच ठेवून पडले. पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. सकाळी पुस्तकात खूण म्हणून प्लॅटफॉर्म तिकीट होतं, माझ्या पानाच्या सहा पानं पुढे.

बहिणीला यश वाचून दाखवतो, दार लावून. मी आत गेले की थांबतो, म्हणून जात नाही. सासूबाई बाहेर खाटेवर बसून ऐकतात, त्यांनाच सगळी गोष्ट ठाऊक आहे.

अंगणात रूळ आखले. गल्लीतली पाच पोरं जमली. अडीच फुटांच्या रुळावर त्याने खडूने 'बार्शी लाइट' लिहिलं आणि स्टेशनांच्या पाट्या पुठ्ठ्यावर केल्या, मराठीत आणि तेलुगूत. तेलुगू अक्षरं शेजारच्या आजोबांनी काढून दिली. कवितेचं अजून जमलेलं नाही, पोरं हसतात आणि पळतात. वाचनालयात येत्या रविवारी जाणार आहोत.

आता पुढची मदत हवी आहे. त्याने काल स्वतःहून विचारलं, "इंजिन आतून कसं चालतं त्याचं पुस्तक मराठीत असतंय काय?" वाफेचं, डिझेलचं, विजेचं, काहीही चालेल. चित्रं मात्र हवीत, आणि नऊ वर्षांच्या मुलाला कळेल असं. कुणाच्या घरी वापरून झालेलं असेल तर तेही चालेल, मी येऊन घेऊन जाईन.