ऐकून पाठ झालेले विनोदी गाणे पुन्हा कशामुळे हसवते?

परभणीकर
आमच्या गावातील तरुण मंडळ यंदा नवरात्रात लोकगीतांचा कार्यक्रम करणार असून टँकरच्या पाण्यावर एक विनोदी गीत लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. तालमीच्या पहिल्या दिवशी सगळे पोट धरून हसले, पण आठवडाभरात त्याच ओळींवर कोणाला हसू फुटेनासे झाले. याउलट संत एकनाथांचे ‘सत्वर पाव गे मला, भवानी आई रोडगा वाहीन तुला’ हे भारूड चारशे वर्षांहून जुने असूनही, पुढची ओळ तोंडपाठ असलेली माणसे ती यायच्या आधीच हसू लागतात. शब्दरचनेत असे काय असते की ज्यामुळे गाण्यातला विनोद शिळा होत नाही? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

गोदाकाठ, पैठण
आपण निवडलेल्या भारुडातच उत्तर आहे. ही सासुरवाशीण देवीला काय देऊ करते, ते आधी पाहा. रोडगा म्हणजे गोवऱ्यांच्या आरात भाजलेली जाड भाकर. आणि तेवढ्यावर ती मागते काय, तर सगळ्या सासरचा निकाल! नवस एवढासा आणि मागणे एवढे मोठे, हा विनोद धृपदातच असल्यामुळे प्रत्येक कडव्यानंतर तो नव्याने ऐकू येतो.

आता मागण्यांचा क्रम पाहा. सासरा गावी गेला आहे, त्याला तिकडेच खपव; सासू जाच करते, तिचा लवकर नाश कर; जाऊ फडफड बोलते, तिला बोडकी कर. या शेवटच्या मागणीत दिराचा मृत्यू आहे, पण त्याचे नावही न घेता एका शब्दात त्याला संपवले आहे. इतके बळी घेतल्यावर नणंदेच्या किरकिऱ्या पोराला मात्र फक्त खरूज होऊ दे, एवढेच! ऐकणारा आणखी एका मरणाची वाट पाहत असतो आणि नाथ त्याच्या हातावर खरूज ठेवतात. मग लगेच दादल्याची आहुती येते. शेवटी ‘एकटीच राहू दे मला’ असे ती म्हणते, तेव्हा हे सगळे नातलग म्हणजे आपल्याला चिकटलेले विकार आहेत, हे कळते आणि पहिल्या कडव्यापासूनचे सगळे हसणे आपल्याकडेच वळते. पुढच्या वेळी ऐकताना हा शेवट ठाऊक असतो, म्हणून गंमत कमी होण्याऐवजी वाढते.

संबळ आणि तुणतुणे
वरील विवेचन पटले. त्याला गाणाऱ्याच्या बाजूची एक गोष्ट जोडतो. शाहीर साबळे (1923–2015) यांनी घरोघर पोहोचवलेले नाथांचे ‘विंचू चावला’ आठवा. त्यात गाणारा खरोखर कळवळतो, हसवण्याचा प्रयत्न करीत नाही. गायक स्वतःच हसू लागला की श्रोत्याला हसायला काही उरत नाही. दुसरे असे की, मागचे साथीदार धृपद उचलतात तेवढ्या वेळात लोकांचे हसणे ओसरते आणि पुढची ओळ बुडत नाही. आपल्या गीतात कडव्यामागून कडवे सलग येत असेल, तर आधी धृपद आणावे. टँकरचालकाला नावे ठेवण्यापेक्षा, त्याला देव मानून नवस बोलणारी एखादी बाई उभी करावी; ती घागरभर पाण्यासाठी काय काय कबूल करते, ते तिच्याच तोंडून येऊ द्यावे.

लातूरची लेक
विवेचन मोलाचे आहे, तरीही एक हरकत नोंदवते. जावेला बोडकी करण्याच्या ओळीवर मला कधीच हसू आले नाही. केशवपन ज्या घरांत खरोखर घडले, तिथल्या बायकांना ही ओळ कशी ऐकू आली असेल? जात्यावरच्या ओव्यांत आणि लग्नातल्या विहिणीच्या गाण्यांत बायकांनी सासरची भरपूर थट्टा केली आहे, पण तिथे बोलणारीही बाईच असते. हे भारूड लिहिणारे पुरुष, आणि बहुतेक वेळा लुगडे नेसून सोंग आणणाराही पुरुषच. टँकरच्या गीतात बाईचा नवस आणणार असाल, तर निदान ती भूमिका एखाद्या मुलीला द्या आणि तिची कडवी गावातल्या पाणी भरणाऱ्या बायकांना आधी ऐकवा.

गोदाकाठ, पैठण
आपली हरकत रास्त आहे. मूळ भारूड गाताना मी ती ओळ बदलणार नाही, कारण वैधव्य हाच त्या काळी बाईला देता येणारा सर्वांत मोठा शाप होता आणि जाचलेली सून तोच शाप उच्चारते, हेही त्यातून दिसते. परंतु नवे गीत लिहिताना तो शाप उसना घेण्याचे काही कारण नाही.

परभणीकर
सर्वांचा आभारी आहे. धृपद बदलले आहे: बाई टँकरला एक पेंडखजूर कबूल करते आणि त्या बदल्यात वर्षभराचे पाणी मागते. भूमिका मंडळातील एका मुलीकडे दिली असून, तिच्या आईने आणि शेजारणींनी दोन कडवी स्वतःच रचून दिली आहेत.