अंदमानला दोघंच, निवांत बोटीनं फिरायचंय, मार्चअखेर, नाशिकहून

दिंडोरीकर_बागवाला

नमस्कार मंडळी, द्राक्षबाग असल्यामुळे आम्हाला सुट्टी म्हणजे काय ते वर्षातून एकदाच मिळते, ऑक्टोबर छाटणी झाली की बाग सोडता येत नाही, मग जानेवारीपासून तोडणी, व्यापारी, हिशोब, आणि एप्रिलला परत खरड छाटणी. मधे मार्चअखेरचे आठ-नऊ दिवस तेवढे आपले. लग्नाला यंदा २५ वर्षं झाली, मुलगी पुण्याला शिकते, तर म्हटलं ह्या वेळी दोघंच जाऊ. मिसेसचं माहेर भगूर. लहानपणापासून सावरकरांच्या वाड्यावरून शाळेत गेलेली, त्यामुळे सेल्युलर जेलमधली त्यांची कोठडी एकदा डोळ्यांनी बघायची असं तिचं फार वर्षांपासून चाललंय. आणि मला समुद्र बघायचाय, नुसता किनाऱ्यावरून नाही, बोटीत बसून, एका बेटावरून दुसऱ्या बेटावर हळूहळू.

नाशिकच्या एका टूरवाल्याकडे गेलो तर त्यानं ५ रात्रींत पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील, बारातांग सगळं बसवून दिलं, रोज पहाटे उठा आणि बॅगा भरा. मला ते नकोय. अडचण एकच, भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाताना मिसेसला इतका त्रास झाला होता की परत येताना आम्ही रस्त्यानं आलो. तर तिला झेपेल का, कोणती बोट घ्यावी, किती दिवस कुठं राहावं, जे जाऊन आलेत त्यांनी सांगा प्लीज.

गोदाकाठची_मीना

दादा, अगदी जरूर जा. आम्ही दोघं गेल्या फेब्रुवारीत जाऊन आलो, ११ दिवस. तुमची वेळ चांगली आहे, जानेवारी ते एप्रिल तिथला समुद्र त्यातल्या त्यात शांत असतो, मे महिन्यात पाऊस सुरू झाला की बोटींचं काही खरं नाही.

बोटीचं म्हणाल तर दोन प्रकार. खासगी क्रूझ हॅवलॉकला साधारण दीड तासात नेते, पण आत एसी, काचा बंद, विमानात बसल्यासारखं वाटतं आणि बहुतेक बोटींत चालू असताना बाहेर येऊ देत नाहीत. सरकारी फेरीला अडीच तास लागतात, पण डेकवर उभं राहता येतं. आम्ही जाताना खासगी आणि येताना सरकारी घेतली आणि मला विचाराल तर सहल म्हणजे ते येतानाचे अडीच तास. आमच्या बाजूला एक आजी केळीचा घड आणि दोन कोंबड्या घेऊन बसल्या होत्या. बेटाजवळ पाणी पोपटी असतं, मग हिरवं, मग एकदम शाईसारखं निळं होतं, आणि मधेच उडते मासे पाण्यातून निघून वीस-पंचवीस फूट सरळ जातात नि परत आत. ह्यांनी मोबाईल खिशात घातला तो काढलाच नाही. तिकिटं मात्र आधी बघून ठेवा, सरकारी बोटीत बेटावरच्या लोकांना आधी जागा मिळते, आणि ते बरोबरच आहे, त्यांची ती एसटी आहे.

बारातांगलाही आम्ही गेलो होतो. खाडीतून स्पीडबोटीनं गेलो, शेवटी खारफुटीच्या बोगद्यात वळलो तेव्हा बोटवाल्यानं वेग अगदी कमी केला. दोन्हीकडून फांद्या डोक्यावर आलेल्या, मुळं पाण्यातून वर बोटांसारखी उभी, आणि त्या मुळांवर चिखलात उड्या मारणारे छोटे मासे, डोळे डोक्यावर असलेले! पुढे चुनखडीच्या गुहा आहेत पण मला तो बोगदाच लक्षात राहिला.

मेनरोड_मेडिकल

मेडिकल स्टोअर चालवतो म्हणून फक्त बोट लागण्याबद्दल लिहितो. गोळी मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही, बोट सुटायच्या अर्धा-एक तास आधी घ्यावी लागते. वहिनींना बीपी, शुगर, काचबिंदू काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, आणि ह्या गोळ्यांनी झोप येते हेही लक्षात असू द्या. उपाशीपोटी बसवू नका, लोकांना वाटतं पोट रिकामं असलं की उलटी होणार नाही, उलट जास्त मळमळतं. कोरडी पोळी, बिस्कीट असं काहीतरी हलकं. आल्याची वडी तोंडात धरायची. जागा बोटीच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर, टोकाला हेलकावा जास्त असतो. डेकवर असाल तर नजर लांब क्षितिजावर ठेवायची, मोबाईल अजिबात नाही. मांडव्याच्या वेळी वहिनी बहुतेक मागे इंजिनच्या धुरात बसल्या असणार.

सातपूर_जितू

मीनाताईंचा मान राखून एक सांगतो, बारातांगला जाऊ नका. तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. गाड्यांचा ताफा ठरलेल्या वेळी सोडतात, थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही असा नियम आहे, पण आमच्या पुढच्या गाडीतले लोक काचेला नाक लावून बसले होते, दिसतात का दिसतात का करत. मला तेव्हा फार वाईट वाटलं. कुणाच्या अंगणातून आपण त्यांना न विचारता जातोय आणि वर त्यांनाच बघायला बघतोय. जाऊन आल्यावर कळलं, आधी कळलं असतं तर गेलो नसतो.

दुसरं म्हणजे परतीचा दिवस. आमच्या एजंटनं हॅवलॉकहून सकाळची बोट आणि दुपारचं विमान असं लावलं होतं. वारा सुटला, बोट रद्द, विमान गेलं, नवीन तिकिटाचे पैसे आमच्या खिशातून. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा, काही झालं तरी.

गोदाकाठची_मीना

जितू, तुझं खरं आहे रे. आम्ही ताफ्यात गेलो तेव्हा मीही खिडकीतून बघतच होते, आता ते वाचून कसंतरी झालं. दादा, खारफुटीच बघायची तर हॅवलॉकला कयाकमधून नेतात, दोघांची कयाक असते, आपणच वल्हवायचं, इंजिन नाही त्यामुळे आवाजही नाही. भरती-ओहोटी बघून वेळ देतात. वहिनींना तिथं मळमळणार नाही, पाणी तळ्यासारखं असतं.

सह्याद्री_ते_सागर

मी नोकरीनिमित्त ३ वर्षं तिथं होतो म्हणून थोडं सविस्तर. आधी नावं, तिकिटावर गोंधळ होतो. हॅवलॉक आता स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप, ही २०१८ ला बदलली. पोर्ट ब्लेअरचं २०२४ ला श्री विजयपुरम झालं, लोक मात्र अजून जुनंच बोलतात.

तुमच्या ९ दिवसांत मी असं करेन: उतरल्यावर २ रात्री पोर्ट ब्लेअर, मग हॅवलॉक ३ रात्री, नील २ रात्री, परत येऊन शेवटची रात्र. उरलेला दिवस प्रवासात जातो, नाशिकहून थेट विमान नाही, मधे बदलत जावं लागेल. हॅवलॉकला राधानगर किनारा पश्चिमेला आहे, सूर्यास्ताला तिथं, पण वेळ ध्यानात ठेवा, तिथला सूर्य आपल्यापेक्षा सव्वा तास आधी उगवतो आणि मावळतो, मार्चअखेर संध्याकाळी साडेपाचला मावळलेला असतो. जेवून निवांत जाऊ म्हणालात तर अंधार.

नीलला २ रात्री म्हटलंय ते तुम्ही शेतकरी आहात म्हणून. लोक सकाळी येतात, दुपारी जातात. ते बेट भाजीपाल्याचं आहे, बंगाली निर्वासित कुटुंबं तिथं वसवली, भात, भाजी, केळी, सुपारी, नारळ. सायकल भाड्यानं मिळते, बांधाबांधानं फिरा, लोक बोलके आहेत. भरतपूर किनारा जेट्टीला लागूनच, तिथून काचेच्या तळाच्या बोटीतून पोवळी दिसतात. पोवळं किंवा शंख मात्र उचलून आणू नका, कायद्यानं बंदी आहे आणि विमानतळावर बॅग तपासतात.

आणि ज्या निवांत बोटीचं तुम्ही म्हणताय ती जॉली बॉय बेटाची. पोर्ट ब्लेअरजवळच्या वंडूरहून सकाळी सुटते, महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात, १९८३ चं आहे ते. मधल्या बेटांच्या आडोशानं जाते म्हणून लाटा कमी, पाऊणएक तास नुसतं जंगल दोन्ही बाजूला. जॉली बॉयला जेट्टी नाही, मोठी बोट लांब उभी राहते आणि लहान काचेच्या बोटीतून किनाऱ्यावर नेतात. प्लास्टिक अजिबात चालत नाही, परवाना आधी काढायचा. पहिल्या दोन दिवसांत हेच करा, वहिनींना समुद्राची सवय इथंच होईल, हॅवलॉकची मोठी बोट नंतर.

दिंडोरीकर_बागवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर मिसेसला सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. बारातांग काढलं, ती म्हणाली जितूभाऊ बरोबर बोलतात. आधी जॉली बॉय ही कल्पना तिला फार पटली. नीलच्या २ रात्रींचं ऐकून मीच खूश आहे, सुपारीत मिरीचे वेल चढवतात का ते बघायचंय. एक शेवटचं विचारतो, सावरकरांच्या कोठडीत आत जाता येतं का, का दारातूनच बघायचं? तिचे गुडघे दुखतात, जिने किती आहेत?

सह्याद्री_ते_सागर

आत जाता येतं. सगळ्यात वरच्या मजल्यावर, अगदी टोकाची कोठडी, जिने चढावे लागतात, लिफ्ट धरून चालू नका. जेलच्या ७ शाखा होत्या, आता ३ उरल्यात. सकाळी उघडल्या उघडल्या जा, ऊन नसतं आणि गर्दीही नसते, आत दोन मिनिटं एकटं उभं राहता येतं. दुपारी गटच्या गट येतात, मग दारातच ढकलाढकली. वहिनींना सांगा, सावरकरांना १९११ ला मद्रासहून ‘महाराजा’ बोटीनं आणलं, थोरले बंधू बाबाराव आधीपासून तिथंच होते. वरच्या व्हरांड्यातून समुद्र दिसतो. तिथं थोडं थांबून, गुडघ्यांना विश्रांती देऊन मग उतरा.

मेनरोड_मेडिकल

गुडघ्याचा पट्टा बरोबर घ्या, जेट्टीवरून बोटीत उतरतानाही लागेल, ओहोटीला पायरी खोल जाते.