रस्त्याच्या बिलाची माहिती मागितली, ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार आला. आता काय करायचं?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. गाव नगरपरिषदेचं आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. आमच्या गल्लीत दोन वर्षांपूर्वी सिमेंटचा रस्ता झाला, पहिल्याच पावसाळ्यात वरचे पोपडे सुटले आणि आता खडी उघडी पडलीय, परवा आई दूध आणायला गेली ती तिथेच घसरली, मनगटाला प्लास्टर आहे. जेईंना, म्हणजे नगरपरिषदेच्या कनिष्ठ अभियंत्यांना, विचारलं तर म्हणाले काम नियमानुसार झालंय. मग मी माहिती अधिकारात अर्ज टाकला, जोडपत्र अ (अर्जाचा ठरलेला नमुना), दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, सगळं रीतसर. अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतल्या (एमबी) त्या कामाच्या पानांच्या झेरॉक्स आणि क्यूब टेस्टचे (काँक्रीटच्या मजबुतीच्या चाचणीचे) रिपोर्ट, बस इतकंच मागितलं. एकोणतिसाव्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं की ही त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती आहे, सबब कलम ८(१)(ञ) नुसार नाकारण्यात येत आहे.

एमबीमध्ये रस्त्याची लांबी, रुंदी, जाडी असते. त्यात खासगी काय आहे ते मला कळत नाहीये. आणि हे काम प्रशासक असतानाचं आहे, २०२२ पासून जवळपास चार वर्षं आमच्याकडे नगरसेवकच नव्हते, मुख्याधिकारीच प्रशासक, तेच ठराव करणार तेच बिल काढणार, विचारायला जागाच नव्हती. म्हणून तर अर्ज केला. ओळखीचे एक जण म्हणतात की आता कायदाच बदललाय, नाद सोड. खरंच बदललाय का? अपिलात काही अर्थ आहे का?

टेबलापलीकडून:
मी स्वतः नऊ वर्षं जन माहिती अधिकारी होतो, आता रिटायर झालोय, त्यामुळे ते एका ओळीचं उत्तर कसं तयार होतं ते चांगलं ठाऊक आहे. कायदा बदललाय हे खरं आहे. आधी ८(१)(ञ) मध्ये असं होतं की ज्या वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा जिच्यामुळे विनाकारण कुणाच्या खासगीपणावर घाला येईल तीच नाकारता येईल, आणि खाली एक फार सुंदर ओळ होती, की जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कुणाही माणसाला नाकारता येणार नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३) ने हे सगळं काढलं, आता फक्त ‘वैयक्तिक माहिती’ इतकंच शिल्लक आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आले तेव्हापासून हे लागू आहे.

पण म्हणून नाद सोडायचा नाही. कलम ८(२) जागेवर आहे, होणाऱ्या हानीपेक्षा जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. कलम १० पण आहे, म्हणजे कागदावर ठेकेदाराचा मोबाईल, पॅन, बँक खातं असेल तर तेवढं काळं करून बाकीचा कागद द्यायचा असतो, सगळी फाईल दाबून ठेवायची नसते. आणि अपिलात हे ठळक लिहा, नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी नाकारणाऱ्याची असते, कलम १९(५). तुम्ही काही सिद्ध करायचं नाहीये. नकाराचं पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत जोडपत्र ब (अपिलाचा नमुना) भरा, वीस रुपयांचा स्टॅम्प. शक्य असेल तर सुनावणीला स्वतः जा. समोर माणूस उभा राहिला की अर्धी प्रकरणं तिथेच सुटतात, हे मी टेबलाच्या त्या बाजूने बघितलंय.

गिट्टी_वाळू:
मी दुसरी बाजू सांगतो, राग मानू नका. मी छोटा ठेकेदार आहे, गटारं, पेव्हर ब्लॉक अशी कामं करतो. आमच्या तालुक्यात तीन-चार जण आहेत जे प्रत्येक कामाला माहिती अधिकार टाकतात, कागद हातात आला की फोन येतो, बसून बोलू म्हणतात, आणि पैसे दिले की अर्ज मागे. माझ्या कामगारांची मजुरीची यादी, त्यांचे आधार नंबर यांनी गावभर फिरवले होते. तेव्हा लोकांची खासगी माहिती जपायला कायदा हवाच, सुप्रीम कोर्टाने २०१७ लाच खासगीपणा मूलभूत हक्क म्हटलाय.

पण एमबी देत नाहीत हे मला पण पटत नाही. एमबीवर जेई मोजून सही करतो आणि त्यावरच आमचं बिल निघतं, ज्याने काम नीट केलंय त्याला ती दाखवायला भीती नसते. आणि कृष्णाकाठ, कार्यारंभ आदेशात दोषदायित्व कालावधी बघा, तो चालू असेल तर रस्ता ठेकेदारानेच स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो. मला वाटतं ते पान बाहेर येऊ नये म्हणूनच एवढी धडपड चाललीय.

मावळतीचा_वारा:
गिट्टी_वाळू, तुमचा त्रास खरा आहे, पण खंडणी मागणं हा आधीपासून गुन्हा आहेच, त्याची पोलिसात तक्रार करा. कामगारांचे आधार नंबर जुन्या कलमातही देता येत नव्हते. मग बदललं कशासाठी? मला याचं खरंच फार वाईट वाटतं कारण हा कायदा आपल्याकडे आयता आलेला नाही. केंद्राचा कायदा २००५ चा, पण महाराष्ट्राचा त्याच्या आधीचा, २००२ चा, आणि तो लागू व्हावा म्हणून अण्णा हजारे २००३ च्या ऑगस्टमध्ये आझाद मैदानावर उपोषणाला बसले होते. कुलाब्याची आदर्श सोसायटी आठवा, त्यातले कितीतरी कागद माहिती अधिकारातून बाहेर आले, फ्लॅट कुणाकुणाच्या नातेवाइकांना मिळाले ते लोकांना कळलं आणि २०१० मध्ये मुख्यमंत्र्यांना जावं लागलं. सभासदांची नावं म्हणजे आज सरळ ‘वैयक्तिक माहिती’! तळेगाव दाभाड्याचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी जमिनींचे व्यवहार बाहेर काढत होते, १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला. माणसांनी जीव दिलाय यासाठी, आणि दुसऱ्या एका कायद्याच्या शेवटी शेवटी एक पोटकलम घालून त्याचा कणा काढून घेतला, सत्तेत कुणीही असो, हे चूकच आहे. उद्या दुसरे आले तरी ते हे कलम आपणहून परत आणणार नाहीत, कारण झाकलेली फाईल प्रत्येक सरकारला सोयीची असते.

कृष्णाकाठ, अपील कराच पण त्याच्यावरच बसून राहू नका. दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे जातं आणि तिथे २०२४ मध्ये लाखाच्या वर प्रकरणं पडून होती, तुमच्या रस्त्याचा दोषदायित्व कालावधी तोवर संपून जाईल. त्यापेक्षा सोमवारी ३ ते ५ मध्ये जा. २०१८ चा शासन निर्णय आहे, स्थानिक स्वराज्य संस्था आणि जिल्हा पातळीवरच्या ऑफिसात त्या वेळात नागरिकांना फायली बघायला द्यायच्या. त्याची प्रिंट खिशात ठेवा, एकटे जाऊ नका, गल्लीतले चार जण घेऊन जा.

टेबलापलीकडून:
सोमवारचं बरोबर आहे, मी विसरलो होतो. एकच सांगतो, फाईल बघताना पान क्रमांक आणि नोंदीच्या तारखा वहीत उतरवून घ्या आणि नंतर त्याच पानांच्या प्रती मागा. नुसतं ‘सर्व कागदपत्रे’ लिहिलं की नाकारायला सोपं जातं. अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयाचा हवा, आपल्या राज्याचा नियम आहे तो.

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल जोडपत्र ब दिलं, १९(५) आणि कलम १० दोन्ही लिहिलं, पोच घेतली. गल्लीतले पाच जण सोमवारी यायला तयार झालेत, त्यात नव्या नगरसेविकाबाई पण आहेत, त्यांना मी सरळ विचारलं की ताई तुम्ही निवडून आलाय तर ही फाईल तुम्ही पण मागा, त्या हो म्हणाल्या. आई पण येते म्हणतेय, प्लास्टर असलेला हात घेऊन. तिला नको म्हटलं तर म्हणाली, पडले मी, तर विचारायला मीच येणार. दोषदायित्वाचं पान मिळालं की इथे लिहितो.