१० मायक्रोज्यूल, २५० फेम्टोसेकंद: लेझर पल्स ४० फेम्टोसेकंदांच्या खाली आणायला कोणता फायबर?

तरंगवेडा: यटर्बियम लेझर आहे, १०३० नॅनोमीटर, १ मेगाहर्ट्झ. मोठ्या गाभ्याचा भरीव फायबर हाताशी आहे. तो चालेल का? नसेल तर काय घ्यावं?

काचमणी: भरीव विसरा. तुमची पीक पॉवर (पल्सच्या शिखरावरची) ३५ मेगावॉटच्या पुढे जाते. काचेत सेल्फ-फोकसिंग (बीम आपोआप एकवटून काच जाळणं) ४ मेगावॉटच्या आसपासच सुरू होतं, आणि गाभा कितीही मोठा केला तरी ही मर्यादा वाढत नाही.

अँटी-रेझोनंट हॉलो-कोर (पोकळ गाभा, भोवती पातळ काचनळ्या) घ्या: गाभा ६० मायक्रॉन, लांबी १ मीटर, आर्गॉन ५ बार. गॅसमुळे पल्समध्ये ७-८ रेडियन जादा फेज जमते, स्पेक्ट्रम सहा-सात पट फुलतो, मग आरशांनी पल्स आवळायची. ४० मायक्रॉनच्या गाभ्यात तेवढीच फेज २ बारला मिळते खरी, पण तिथलं ॲनॉमलस डिस्पर्शन (निळा भाग लाल भागाच्या पुढे पळणं) दुपटीहून जास्त. दाब जरा चढला की पल्स फायबरमध्येच आकसते आणि पुढे फुटते.

शून्यचर्प: +१. ऑर्डर देण्याआधी नळ्यांच्या भिंतीची जाडी मात्र विचारा. पहिला रेझोनन्स (जिथे प्रकाश भिंतीतून गळतो) जाडीच्या साधारण २.१ पट तरंगलांबीवर येतो. ३०० नॅनोमीटर असेल तर ६३०, काही त्रास नाही. ५०० असेल तर १०५०, म्हणजे ऐन स्पेक्ट्रममध्ये खड्डा.

बीम फायबरमध्ये घालताना (कपलिंग) मोडचा, म्हणजे गाभ्यातल्या प्रकाशाच्या ठिपक्याचा, व्यास ४० मायक्रॉन धरा, ३ मिमी बीमला ९०-१०० मिमीची लेन्स. गॅस सेलची (फायबर ठेवून आर्गॉन भरायच्या बंद कोठीची) खिडकी फायबरच्या टोकापासून किमान ४० मिमी लांब हवी. जवळ असली तर काचेतच फेज जमते आणि फोकस सरकतो. अलाइनमेंट हाफ-वेव्ह प्लेट आणि पोलरायझरने १०० मिलीवॉटवर करा. पूर्ण १० वॉटवर बीम हलला तर आधी टोक जळतं. पॉवर चढवल्यावर थर्मल लेन्सिंगमुळे (तापलेली काच लेन्ससारखी वागल्याने) कपलिंग थोडं ढळेल, पुन्हा जुळवा.

तरंगवेडा: आर्गॉनऐवजी साधी हवा?

काचमणी: नको. नायट्रोजन-ऑक्सिजनच्या रामन प्रतिसादाने (रेणू प्रकाशाची थोडी ऊर्जा घेतात) स्पेक्ट्रम लाल बाजूला कलतो, मग आरशांनी तो नीट आवळता येत नाही. सेल आधी व्हॅक्युम करा, मगच आर्गॉन भरा.

शून्यचर्प: आता आवळणारे आरसे. एकूण डिस्पर्शन −१२०० ते −१५०० फेम्टोसेकंद वर्ग हवं, म्हणजे −२५० वाल्या चर्प्ड मिररवर (रंगांना वेगवेगळा उशीर देणाऱ्या आरशावर) पाच-सहा बाऊन्स. बाहेरची ३ मिमी फ्यूज्ड सिलिका खिडकी +५७ घालते, ते हिशेबात धरा. बारीक जुळवणी बाऊन्स मोजत बसण्यापेक्षा दाब बदलून करा. आणि मोजमाप फ्रॉगने (पल्सचा आकार आणि फेज दोन्ही काढणारी पद्धत). नुसत्या ऑटोकोरिलेटरवर (फक्त पल्सची लांबी अंदाजणारं उपकरण) पायथ्याशी पसरलेली ऊर्जा सहज नजरेतून सुटते.