फ्रान्समधल्या जुन्या किल्ल्यातल्या हॉटेलात बाबांना न्यायचंय, कुणी राहिलंय का?

आंजर्ल्याची मधली

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ लिऑनला नोकरीला आहे. आंबा आटोपला की जूनमध्ये आई-बाबांना घेऊन त्याच्याकडे जायचं ठरलंय. बाबा गवंडी. केळशीपासून मुरुडपर्यंत जांभ्याची कितीतरी घरं त्यांच्या हातची आहेत. हर्णै बंदरातून सुवर्णदुर्ग ते लहानपणापासून बघतायत. फ्रान्सचं नक्की झाल्यावर त्यांनी एकच मागणं मागितलं, "तिकडचा एखादा किल्ला आतून दाखवा. बाहेरून फोटो नकोत."

भावानं शातो द बान्योल सुचवलाय. लिऑनजवळ बोजोलेच्या द्राक्षमळ्यांत आहे, मध्ययुगातला किल्ला दुरुस्त करून त्याचं हॉटेल केलंय. भाडं ऐकून आई म्हणाली, एवढ्यात आपलं सगळं घर शाकारून होईल. तिचं चूक नाही. पण बाबांनी आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही, म्हणून मला हे करायचंच आहे.

प्रश्न असे: एक रात्र पुरेल का? बाबांचा उजवा गुडघा दुखतो, जिने कसे असतात? आई मासे-मटण खात नाही, तिचं काय? आणि वाईन मी सोडून कुणी पीत नाही, मग तिथे दिवसभर करायचं काय?

चिरेबंदी (वेंगुर्ले)

ताई, मी राहिलोय तिथे, आणि तुमच्या बाबांना नक्की न्या. मी जुनी घरं दुरुस्त करायचं काम करतो, त्यामुळे माझं सगळं लक्ष भिंतींकडे होतं. ते आधी सांगतो, बाबांना त्यातच रस असणार.

किल्ला १३व्या शतकातला. गोल बुरूज, कोरडा खंदक, मध्ये चौक. पडझडीला आलेली ही वास्तू १९८०च्या दशकाच्या अखेरीस हेलन आणि पॉल हॅमलिन या ब्रिटिश जोडप्यानं घेतली आणि कसबी कारागीर लावून उभी केली. काम चालू असताना भिंतींवरच्या थरांखालून जुनी चित्रं निघाली. ती तशीच जपून ठेवलीत. कोऱ्या रंगाचा हात मारून टाकला नाही, याचं मला फार कौतुक वाटलं.

आता दगड. त्या भागाला 'पिएर दोरे', म्हणजे सोनेरी दगडांचा मुलूख म्हणतात. जुरासिक काळातला चुनखडक आहे आणि त्यातल्या लोहामुळे त्याला पिवळा रंग चढलाय. आपला जांभा लाल दिसतो तोही लोहामुळेच. सकाळी भिंत फिकट असते आणि उन्हं कलली की मधासारखी होते. बाबांना दोन्ही वेळा भिंतीसमोर उभं करा. बोजोलेला २०१८ पासून युनेस्कोच्या जागतिक भूउद्यानांत स्थान आहे ते या दगड-मातीमुळेच.

सांधे बघायला सांगा त्यांना. तिकडे जुन्या बांधकामाच्या दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, चुन्यानं भरतात. चुना दगडापेक्षा मऊ, भिंतीत शिरलेली ओल तो बाहेर जाऊ देतो. आपल्याकडे जुन्या चिऱ्यांच्या भिंतीला सिमेंट थापतात, मग ओल आत कोंडते, क्षार फुलतात आणि चिऱ्याचा तोंडवळाच झडतो. लिऑनकडे वर्षाला पाऊस आठशे मिलिमीटरच्या आसपास, आपल्याकडे तीन हजारांच्या वर. म्हणजे चुन्याची गरज खरं तर आपल्याला जास्त! बैल जुंपून चुना मळायची घाणी चालताना बघितलेली माणसं आता थोडी उरलीत. तुमच्या बाबांनी पाहिली असेल तर त्यांना बोलतं करा आणि ते लिहून ठेवा, हे मी हात जोडून सांगतो.

जिने: बुरुजातला जिना गोल आणि अरुंद असतो, पायऱ्या आतल्या अंगाला निमुळत्या. उतरताना बाहेरच्या भिंतीच्या कडेनं उतरायचं, तिथे पाऊल पूर्ण टेकतं. फ्रान्समध्ये १९१३ पासून ऐतिहासिक वास्तूंच्या रक्षणाचा कायदा आहे, सरकारच्या परवानगीशिवाय त्यात फेरफार करता येत नाही. त्यामुळे अशा इमारतीत प्रत्येक खोलीपर्यंत लिफ्ट असेलच असं धरून चालू नका. बुकिंग करतानाच विचारा.

एक रात्र पुरे, पण खोली मिळण्याच्या वेळेला दारात हजर राहा आणि दुसऱ्या दिवशी शेवटच्या मिनिटापर्यंत निघू नका.

लिऑनची सून

आईंच्या जेवणाचं मी सांगते. आमच्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा सगळं शिकले. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणून थांबू नका. 'सां व्यांद, सां प्वासों' म्हणजे मांस नको, मासे नकोत, हे सांगा, आणि सूपचं पाणी कोंबडीचं आहे का तेही विचारा. सॅलडमध्ये डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे हमखास असतात. साय घालून भाजलेल्या बटाट्यांचा ग्रातँ दोफिन्वा बहुतेकांना आवडतो. आई कडक असतील तर चीजचंही बघा, कारण पारंपरिक फ्रेंच चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण वापरतात. जेवणाच्या वेळा पक्क्या: दुपारी बारा ते दोन, रात्री साडेसातनंतर. रविवार-सोमवार गावातली बरीच हॉटेलं बंद, म्हणून मधला वार धरा. मेतकूट आणि पोहे मात्र बॅगेत असू द्या.

वाईन न पिणाऱ्यांनीही मळ्यात जरूर जावं. तिथलं द्राक्ष गॅमे. १३९५ मध्ये बरगंडीच्या ड्यूकनं ते आपल्या मुलखातून उपटून टाकायचं फर्मान काढलं, पण दक्षिणेला बोजोलेत ते टिकलं. तुम्ही चव घेणार असाल तर घोट थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, कुणी वाईट मानत नाही. परत येताना माणशी दोन लिटरपर्यंत कर न भरता आणता येते.

द्राक्षतोडणी ऑगस्टअखेर-सप्टेंबरात असते. तेव्हा गणपती सोडून कोण येणार? जूनच चांगला, रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. जवळच वँ नावाचं त्याच सोनेरी दगडाचं गाव आहे, तेही दाखवा.

बांद्याचो

बाबांका जरूर न्हेवा. माका फक्त एक सांगूचा आसा. सावंतवाडीच्या राजवाड्यातय आता रवाक गावता, गंजिफाचे पत्ते रंगवतत ते डोळ्यांनी बघूक मिळतत. आणि २०१९ मधी आपल्या किल्ल्यांत हॉटेलां काढूची बातमी इली तेव्हा माका राग इल्लो. फ्रान्सात चलता म्हणान हय नको.

चिरेबंदी (वेंगुर्ले)

दादा, तुमच्याशी सहमत. बान्योलमध्ये सरदारांची घरं नांदली, तिथे परत माणसं झोपली तर वास्तूचा स्वभाव बदलत नाही. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग ही आरमाराची ठाणी. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आली ती त्याचसाठी, तिथे पलंग नकोतच. पण मुंबईला गेलेल्या लोकांची बंद घरं प्रत्येक वाडीत ढासळतायत. ती चुन्यात दुरुस्त करून पाहुण्यांना दिली तर घरं वाचतील आणि गवंड्यांना काम मिळेल. मला फ्रान्समधून आणण्यासारखं एवढंच दिसलं.

आंजर्ल्याची मधली

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं, ग्रातँपर्यंत येता येता ती तयार झाली. खालच्या मजल्यावरच्या खोलीसाठी आज हॉटेलला मेल टाकलाय. बाबांनी घाणी पाहिलीय, लहानपणी बैलामागे चाललेतही. ते लिहून काढते आणि वेगळा धागा काढते. आता एवढंच सांगा, त्यांना मोजायची टेप आणि ओळंबा बरोबर न्यायचाय. विमानात चालेल का?

लिऑनची सून

दोन्ही चेक-इनच्या बॅगेत टाका, हातातल्या सामानात नको.