शब्दचर्चा : पावडरमध्ये स्कीबोर्ड ‘बुडतो’ की ‘रुततो’?

भाषांतरकार
स्कीइंगच्या माहितीपुस्तिकेचं मराठी चाललंय. मसुद्यातलं वाक्य असं : ‘खोल भुसभुशीत बर्फावर लांब स्की तरंगतात, आखूड स्की बुडतात, म्हणून आखूड स्कीवर मागे रेलून उभे राहावे.’ आखूड स्की म्हणजे इथे स्कीबोर्ड. वाक्य कुठेतरी खटकतंय. जाणकारांनी सुचवावं.

उतारू
‘आखूड स्की’ आधी काढा. नवशिक्याला देतात ती दीडशे सेंटिमीटरची स्कीही आखूडच असते. स्कीबोर्ड हा वेगळा प्रकार : लांबी साधारण मीटरभर किंवा त्याहून कमी, दोन्ही टोकं वर वळलेली, लांबीच्या मानाने भरपूर रुंद, बूट जवळजवळ मध्यावर. प्रत्येक पायाला एक, म्हणजे स्नोबोर्डही नव्हे. ‘स्नोब्लेड’ हे सालोमनचं उत्पादन आणि ‘बिगफूट’ क्नाइस्लचं. सरसकट सगळ्यांना ती नावं लावू नका.

धार
‘बर्फ’ही नको. कडक, काचेसारख्या थरालाही आपण बर्फच म्हणतो आणि पावडर, म्हणजे ताजं पडलेलं सुटं हिम, ही त्याच्या अगदी उलटी अवस्था. ‘हिम’ घ्या. विशेषण ‘भुसभुशीत’ की ‘भुरभुरीत’? नांगरलेली ओलसर मातीही भुसभुशीत असते. कोरडी पावडर हातमोज्यात दाबली तर गोळा होत नाही, मूठ उघडली की सांडून जाते. तिला ‘भुरभुरीत’ शोभतं. मुठीत गोळा झाला तर ते ओलं, जड हिम. त्यावर दोन्ही साधनांचं वागणं बदलतं, म्हणून हा भेद पुस्तिकेत हवाच. खोली सांगायला सेंटिमीटरपेक्षा घोटाभर, गुडघाभर, मांडीभर हे शब्द वाचकाला चटकन कळतील.

मेणपट्टी
क्रियापदाकडे या. तरंगायला वेग लागत नाही, ओंडका जागच्या जागी तरंगतो. स्कीचं तसं नाही. ताज्या कोरड्या हिमाची घनता दर घनमीटरला ५० ते १०० किलोच्या आसपास, पाण्याची १०००. त्यामुळे थांबलात की १८० सेंमीची रुंद स्कीसुद्धा खाली जाते. वेग घेतला की तळाखालचं हिम दबतं आणि स्कीला वर ढकलतं. म्हणून ‘वर येते’ म्हणा. आणि स्कीबोर्ड ‘रुततो’. चाक वाळूत रुततं तसाच, वजन जास्त आणि टेकायला जागा कमी.

आकडे मांडून बघा. ९९ सेंमी लांब आणि सरासरी १३ सेंमी रुंद स्कीबोर्डची जोडी : साधारण २५७० चौरस सेंमी. १८० सेंमी लांब, सरासरी ११.५ सेंमी रुंद स्कीची जोडी : ४१४०. बूट-कपड्यांसकट ८० किलोचा माणूस धरला तर दर चौरस सेंमीवर ३१ ग्रॅम विरुद्ध १९ ग्रॅम. वर ढकलणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो असं ढोबळ मानाने धरलं, तर तेवढंच वर यायला स्कीबोर्डला सव्वापटीहून थोडा जास्त वेग लागेल.

उतारू
क्षेत्रफळाचं खरं आहे, पण चालवताना आधी जाणवते ती तरफ. बुटाचा तळ ३१ सेंमी धरा. ९९च्या स्कीबोर्डवर बुटाच्या पुढे उरतात ३४ सेंमी. १८०च्या स्कीवर बुटाचा मध्य स्कीच्या मध्याच्या ८ सेंमी मागे असला तरी पुढे ८२ सेंमी उरतात. लांब स्कीवर तोल थोडा पुढे गेला तर ती सांभाळून घेते. स्कीबोर्ड तेवढ्यावर हिमात नाक खुपसतो आणि तुम्ही त्याच्या पुढे जाऊन पडता. (‘नाक खुपसणे’ पुस्तिकेत बिनधास्त वापरा. दुसरा अर्थ कुणाला आठवला तर तोही इथे बसतो.)

आता ‘मागे रेलून’. हा सल्लाच चुकीचा आहे. मागेही ३४च सेंमी आहेत. कंबर टाचांच्या मागे गेली की शेपूट रुततं, पुढचा भाग ब्रेकसारखा उभा राहतो, वेग जातो, मांड्या भरून येतात आणि वळण घेता येत नाही. वजन तळव्याच्या मध्यापासून किंचित टाचेकडे, घोटे-गुडघे वाकलेले, पाय जवळ, दोन्ही पायांवर सारखा भार. एका पायावर भार गेला की तोच रुततो. वळण गोल, हळू उठत-बसत घ्यायचं. झटक्यात आडवं फिरवलं तर बाजूची कड हिमाच्या भिंतीत अडकते. भोकांची सोय असेल तर बाइंडिंग (बूट धरून ठेवणारी पकड) २ ते ४ सेंमी मागे घ्यावं. पुढची तरफ तेवढीच वाढते.

धार
‘रॉकर’ला काय म्हणायचं? मला ‘उलटा बाक’ सुचतो. सपाट फरशीवर ठेवा : मधे फट आणि टोकांजवळ टेकलेला तो बाक, मधे टेकलेला आणि टोकं लांबूनच उचललेली तो उलटा बाक. स्कीपटू शेन मॅकॉन्कीच्या कल्पनेतली व्होलांट कंपनीची ‘स्पॅट्युला’ ही स्की २००२मध्ये आली तेव्हा पावडरसाठी तो उलटा बाक लोकांना विचित्र वाटला होता. आता नवल उरलेलं नाही. सरळ बाकाचा अरुंद स्कीबोर्ड घोटाभर हिमापलीकडे नेऊ नये, असं माझं मत.

मेणपट्टी
बाइंडिंगला ‘बंधन’ करू नका, ‘सुटणारं’ (पडताना बूट आपोआप सोडणारं) आणि ‘न सुटणारं’ बाइंडिंग लिहा. बऱ्याच स्कीबोर्डवर न सुटणारं असतं. स्की आखूड असल्याने गुडघ्याला पीळ कमी बसतो, पण पडताना जोर बुटाच्या वरच्या कडेला, नडगीवर येतो. हिमस्खलनात न सुटलेला स्कीबोर्ड पाय खाली ओढून धरतो. रायझर प्लेट (बाइंडिंगखालची उंची वाढवणारी पट्टी) लावून नेहमीचं सुटणारं बाइंडिंग बसवता येतं. उंचीमुळे कलताना बूटही हिमात घासत नाही.

लांब स्कीची डोकेदुखी वेगळी. सुटलेली स्की पावडरखाली गडप होते. पँटच्या पायाखाली लांब रंगीत फीत बांधतात ती याचसाठी. शोधताना पडलेल्या जागेच्या वरच्या बाजूला बघा, कारण माणूस खाली घसरतो आणि स्की बहुधा मागेच राहते. काठीने उताराला आडव्या रेघा ओढत यावं.

भाषांतरकार
म्हणजे असं? ‘गुडघाभर भुरभुरीत हिमात रुंद, लांब स्की कमी वेगातही वर येतात, स्कीबोर्डला जास्त वेग आणि जास्त उतार लागतो, नाहीतर तो रुततो.’

उतारू
चालेल. पुढे एक वाक्य जोडा : स्कीबोर्डवाले सहसा काठ्या घेत नाहीत, पण पावडरमध्ये घडीच्या आणि रुंद चकतीच्या काठ्या पाठीवर असाव्यात. सपाटीवर रुतल्यावर ढकलायला दुसरं काही नसतं, आणि स्कीबोर्ड काढून चालायला गेलं की कमरेपर्यंत आत.